विश्लेषण : तार एकच, कंपन्या अनेक! सिंगापूरमध्ये घरचं इंटरनेट कसं निवडतात, आणि गावात कनेक्शन घेताना काय विचारावं?

गावोगावी आता घरच्या वायफायचे बोर्ड लागलेत. कुठे फायबर टाकून मिळतंय, कुठे छतावर अँटेना बसवून. पण कनेक्शन घेताना बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : महिन्याला किती? खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सेवा पटली नाही तर कंपनी बदलता येणार का? घरोघरी फायबर पोहोचलेल्या सिंगापूरने हा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वीच हाताळला. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

रस्ता एक, गाड्या अनेक

गावाचा रस्ता एकच असतो. त्यावरून एसटी धावते, वडापही धावते. प्रत्येक गाडीवाल्याने स्वतःचा रस्ता बांधायचा म्हटलं असतं तर गावात एकच गाडी आली असती आणि ती म्हणेल ते भाडं द्यावं लागलं असतं. इंटरनेटच्या तारेचंही असंच आहे. तार ज्याची, त्याचंच इंटरनेट, अशी व्यवस्था असेल तर गिऱ्हाइकाच्या हाती फारसं काही उरत नाही.

सिंगापूरने तार आणि विक्री वेगळी केली. देशभर फायबर टाकण्याचं काम २००८ मध्ये ओपननेट या गटाला देण्यात आलं आणि सरकारने त्यासाठी ७५ कोटी सिंगापूर डॉलरपर्यंत अनुदान ठेवलं. २०१० पासून घरांना सेवा मिळू लागली. पुढे हे जाळं नेटलिंक ट्रस्टकडे गेलं. नेटलिंक घरोघरी इंटरनेट विकत नाही. तिचं काम तार टाकायची, सांभाळायची आणि कंपन्यांना ठरलेल्या दराने वापरू द्यायची. हा दर सरकारी नियामक ठरवतो. घरटी महिन्याला आधी १५ डॉलर होता, २०१८ पासून १३.८० आणि २०२४ पासून १३.५० डॉलर. म्हणजे साधारण साडेआठशे-नऊशे रुपये. कंपनी मोठी असो की छोटी, दर सगळ्यांना सारखा.

यात एक गोम होती. देशातली सर्वांत मोठी दूरसंचार कंपनी सिंगटेल हीच एकेकाळी नेटलिंकची मालक होती. ज्याचा रस्ता, त्याचीच मोठी गाडी! म्हणून सिंगटेलने आपला हिस्सा २५ टक्क्यांच्या खाली आणावा अशी अट नियामकाने घातली. २०१७ मध्ये नेटलिंक शेअर बाजारात आली आणि ही अट पूर्ण झाली.

मग तिथलं गिऱ्हाईक निवडतं कशावर?

तार सगळ्यांची एकच असल्याने "आमचं फायबर भारी" हा मुद्दा तिथे चालत नाही. सिंगटेल, स्टारहब, एम-वन, मायरिपब्लिक, व्ह्यूक्वेस्ट अशा कंपन्या त्याच तारेवरून सेवा देतात. फरक पडतो तो करार, राऊटर, परदेशातल्या सर्व्हरपर्यंतचा वेग, बिलातले जादा आकार आणि तक्रारीला मिळणारं उत्तर यांत.

सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा कराराचा. तिथे साधारण २४ महिन्यांचा करार असतो. मध्येच सोडला तर दंड भरावा लागतो. "फुकट" राऊटर किंवा टीव्ही याच कराराच्या बदल्यात मिळतो. नोकरीसाठी गेलेल्या आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हे अडचणीचं ठरतं. घराचा करार आधी संपला तर इंटरनेटचा करार मागे राहतो. म्हणून भाडेकरू घराच्या कराराची मुदत बघूनच प्लॅन घेतात किंवा थोडे जास्त पैसे मोजून बिनकराराचा प्लॅन घेतात.

कंपनी बदलणं मात्र सोपं आहे. घरातल्या फायबरच्या डबीत सहसा दोन पोर्ट असतात. जुनी सेवा चालू असतानाच दुसऱ्या पोर्टवर नवी कंपनी सुरू करता येते. नवी नीट चालली की जुनी बंद. भिंतीला नवं भोक नाही, आठ दिवस बिननेटचे नाहीत. गिऱ्हाईक इतक्या सहज जाऊ शकतं हे माहीत असल्यानेच कंपन्या नरमाईने वागतात.

नियामकाचा धाकही आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या निर्बंधांत लोक घरून काम करत असताना एम-वन आणि स्टारहबची सेवा काही तास कोलमडली. चौकशीनंतर एम-वनला चार लाख आणि स्टारहबला दोन लाख दहा हजार सिंगापूर डॉलर दंड झाला. प्रत्यक्षात किती वेग मिळतो त्याचे आकडे जाहीर करणंही तिथल्या कंपन्यांवर २०१२ पासून बंधनकारक आहे.

तुलना करताना भान हवं

सिंगापूर हा देश असला तरी क्षेत्रफळाने आपल्या एखाद्या तालुक्याएवढाच. बहुतेक लोक उंच इमारतींत राहतात. एका इमारतीत तार नेली की शंभर घरं जोडली जातात. वाड्या-वस्त्यांवर, शेतातल्या घरांपर्यंत तार नेण्याचा खर्च वेगळाच. आणि दराच्या बाबतीत भारत मागे नाही. सिंगापूरमध्ये नुसत्या तारेचं जे भाडं आहे, त्याहून कमी पैशात आपल्याकडे अख्खा प्लॅन मिळतो. स्वस्ताई आपल्याकडे आहेच. कमी आहे ती निवड आणि भरवशाची.

आपल्याकडची 'सामाईक तार' कुठे अडली?

गंमत अशी की हीच कल्पना भारतानेही स्वीकारली होती. ग्रामपंचायतींपर्यंत सरकारी फायबर नेण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तीच पुढे भारतनेट झाली. तार सरकारची आणि ती कोणत्याही कंपनीला, केबलवाल्याला सारख्या अटींवर वापरता यावी, असाच हेतू होता. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य सरकारने महाआयटीमार्फत 'महानेट' म्हणून हाती घेतलं.

पण तार ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येऊन थांबली. तिथून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा कोणी करायचा, हे नीट लागलंच नाही. रस्त्याच्या कामात केबल तुटते, वीज नसली की यंत्र बंद पडतं, आणि दुरुस्तीला नेमकं कोण येणार हे सरपंचालाही सांगता येत नाही. ज्या गावांत हे घडलं तिथे सरकारी तार असूनही निवड एकाच कंपनीची किंवा मोबाईल डेटाचीच राहिली.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहील. दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही त्यातच धरली आहे. उद्दिष्ट दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडणीचं आहे. कागदावर हे बरोबर आहे. कसोटी लागेल ती देखभालीत, आणि ही तार एकाहून जास्त सेवादारांना खरोखर खुली होते का, यात.

कनेक्शन घेण्याआधी हे विचारा

१. तार कोणाची, दुरुस्ती कोणाची? बोर्डावर मोठ्या कंपनीचं नाव असतं, पण वायर बऱ्याचदा स्थानिक भागीदाराची असते. केबल तुटल्यावर कोण येणार, किती दिवसांत, हे आधी विचारा. गावात ज्यांच्याकडे आधीपासून कनेक्शन आहे त्यांना गेल्या पावसाळ्याचा अनुभव विचारा.

२. फायबर की हवेतून? छतावरच्या अँटेनाचं कनेक्शन ५जी टॉवरवर चालतं. टॉवर दूर असेल, मध्ये डोंगर किंवा दाट झाडी असेल, किंवा संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली तर वेग पडतो. चाचणी सकाळी नको, रात्री आठ-नऊला घ्या.

३. लाईट गेल्यावर काय? फायबरला घरातल्या यंत्रापुरती वीज लागते. राऊटरचा छोटा यूपीएस त्यासाठी पुरतो. मात्र गावातल्या मुख्य यंत्राला बॅकअप नसेल तर घरच्या यूपीएसचा उपयोग नाही. हवेतल्या कनेक्शनला टॉवरही चालू लागतो.

४. खरं बिल किती? जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो. ४९९ रुपयांचा प्लॅन ५८९ च्या आसपास जातो. जोडणीचा खर्च, राऊटरची अनामत आणि डेटा मर्यादेनंतरचा वेग लिहून घ्या.

५. वर्षाचे पैसे एकदम भरायचे का? वर्षभराच्या प्लॅनवर सवलत मिळते, पण पैसे भरले की तुमचा जोर संपतो. पहिले दोन-तीन महिने महिन्याच्या प्लॅनवर काढा. त्यात एखादा पावसाचा महिना आला तर उत्तमच.

६. तक्रार कुठे? फोनवर तक्रार केली की नंबर घ्याच. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

ग्रामसभेचा विषय

मुलांचा ऑनलाईन फॉर्म, ई-पीक पाहणी, बँक, बाजारभाव, दवाखान्याची नोंद, सगळं आता इंटरनेटवर आलंय. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी नेट गेलं की नुकसान कंपनीचं होत नाही, त्या पोराचं होतं. त्यामुळे हा विषय एकेका घरापुरता ठेवून चालणार नाही. पंचायतीतलं भारतनेटचं यंत्र चालू आहे का, बंद असेल तर कधीपासून, देखभालीचा ठेका कोणाकडे आहे आणि गावात दुसऱ्या सेवादाराला त्या तारेवरून जोडण्या देता येतील का, हे चार प्रश्न येत्या ग्रामसभेत लेखी मांडता येतात. उत्तर ग्रामसेवकाकडे नसेल तर ठराव करून पंचायत समितीकडे पाठवता येतो.