घासाघीस कशाची, भावाची की भरवशाची?

पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात मोटारी धुऊन देणाऱ्या जुन्या वॉशिंग सेंटरच्या जोडीने गेल्या काही वर्षांत एका नव्या व्यवसायाने मूळ धरले आहे. ‘कार डिटेलिंग’ या नावाने तो ओळखला जातो. मोटारीच्या रंगावरचे ओरखडे घालवणे, त्यावर संरक्षक लेप चढवणे, आसने आणि छत आतून स्वच्छ करणे अशी कामे त्यात येतात. त्यांचे दर काही हजारांपासून लाखाच्या पुढेही जातात. या व्यवसायात उतरलेल्या तरुणांची एक सार्वत्रिक तक्रार आहे, ती म्हणजे ग्राहकाला काम नको असते, भाव हवा असतो. दारात पाऊल टाकताच ‘दादा, लास्ट किती?’ ही विचारणा होते. मग ‘चौकातला निम्म्यात करून देतो’ हा दाखला येतो आणि शेवटी मोबाइल पुढे करून ‘हीच बाटली ऑनलाइन एवढ्याला मिळते, तुम्ही दहापट कशाचे घेता?’ अशी उलटतपासणी होते.

अशा ग्राहकाला चिकट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु हाच ग्राहक मोटार घेताना वरच्या श्रेणीच्या मॉडेलसाठी लाखभर रुपये जास्त मोजतो आणि तेथे फारशी खळखळ करीत नाही, कारण छताची काच किंवा मोठा पडदा त्याला डोळ्यांनी दिसतो. डिटेलिंगमध्ये नेमके काय मिळाले, हे त्याला काम होण्यापूर्वी कळत नाही आणि बऱ्याचदा झाल्यानंतरही कळत नाही. त्याची घासाघीस या अज्ञानातून येते, आणि ती गैरवाजवी म्हणता येणार नाही.

अर्थशास्त्राने या परिस्थितीचा विचार फार पूर्वी केला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धान्त मांडला. गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सरसकट मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून ती बाजारातून निघून जाते आणि खराब माल तेवढा उरतो. याच दिशेच्या संशोधनासाठी त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी आणखी एक पायरी पुढे जाऊन, वापरल्यानंतरही ज्यांचा दर्जा ग्राहकाला पारखता येत नाही अशा सेवांचा वेगळा वर्ग कल्पिला. गॅरेजमधली दुरुस्ती हे त्याचे नेहमीचे उदाहरण. डिटेलिंगची अवस्था त्याहून बिकट आहे. दुरुस्त न झालेली गाडी निदान रस्त्यात बंद तरी पडते. निकृष्ट पॉलिश केलेली गाडी मात्र ताब्यात मिळते त्या दिवशी उत्कृष्ट पॉलिश केलेल्या गाडीइतकीच चमकते.

हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. मोटारीच्या पत्र्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन जाडीचे असतात. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून कल्पना यावी. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो जेमतेम पस्तीस-पन्नास मायक्रॉनचा. उन्हापासून रंगाचे रक्षण हाच थर करतो. सोसायटीत रोज पहाटे एकाच बादलीत फडके बुडवून वीस गाड्या पुसल्या जातात, तेव्हा फडक्यात अडकलेली धूळ या थरावर बारीक ओरखडे उमटवते. तेच ओरखडे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. ते काढायचे म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर झिजवायचा. बाजारात याला ‘रबिंग’ म्हणतात. नीट केले तर एक-दोन मायक्रॉनमध्ये भागते. घाईने जाड पेस्ट आणि वेगवान मशीन चालवले तर कितीतरी जास्त जाते. गेलेला थर परत येत नाही. दर दिवाळीला हौसेने ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारा मालक आपल्या गाडीचे आयुष्य पैसे देऊन कमी करीत असतो, हे त्याला कोणी सांगत नाही.

झिजवण्याचे कष्ट टाळायचे असतील तर दुसरी युक्ती आहे. तेल आणि मेण असलेले मिश्रण ओरखड्यांत भरले की ते दिसेनासे होतात. गाडी झळाळते, ग्राहक खूश होऊन जातो आणि चार-सहा धुण्यांनंतर जाळे पुन्हा उगवते. चौकातला जो ‘निम्म्यात’ करून देतो, तो बहुधा हेच करतो. त्याला फसवणूक म्हणावे का? त्याने फक्त चमकवून देतो म्हटले असेल, तर नाही. ओरखडे काढतो म्हटले असेल, तर नक्कीच म्हणावे.

ग्राहकाच्या संशयाला इतिहासही आहे. वीस वर्षांपूर्वी शोरूममध्ये नवी गाडी घेताना विमा आणि पायपुसण्यांबरोबर ‘टेफ्लॉन कोटिंग’ गळ्यात मारले जाई. टेफ्लॉन तव्यावर पक्के बसवण्यासाठी तीनशे अंशांहून अधिक तापमान लागते. मोटारीचा रंग त्या तापमानात टिकूच शकत नाही. मग त्या लेपात टेफ्लॉनचे म्हणून जे गुण सांगितले जात, ते कोठून यायचे? पुढे ‘सिरॅमिक’ आले. हा लेप मुख्यतः सिलिकावर आधारलेला आहे आणि चांगला लावला तर खरोखर उपयोगी आहे. पाणी त्यावरून ओघळून जाते, धूळ कमी चिकटते, धुणे सोपे होते. परंतु त्याची विक्री ‘काचेसारखे कवच’, ‘नाइन एच’, ‘ओरखडाच पडणार नाही’ अशा घोषणांनी होते. हे ‘नाइन एच’ शिसपेन्सिलींच्या कठिणपणाच्या मोजपट्टीवरचे माप आहे. रस्त्यावरच्या धुळीतले वाळूचे कण कोणत्याही पेन्सिलीहून कितीतरी कठीण असतात. लेपाची जाडी बहुतेकदा एखाद-दुसऱ्या मायक्रॉनची. तो उडत्या खडीपासून वाचवू शकत नाही. त्यासाठी दीड-दोनशे मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म, म्हणजे पीपीएफ, लागते आणि तिचा खर्च अनेक पटींनी जास्त असतो. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग तर सिरॅमिकवरही पडतात. सहा महिन्यांत ते डाग पाहिलेला ग्राहक पुढच्या दुकानात संशय घेऊनच शिरणार.

आता दुकानदाराची बाजू. पुढचे आकडे केवळ गणित समजावे म्हणून घेतले आहेत. रंगसुधारणा आणि सिरॅमिक मिळून करासह अठरा हजारांचे काम धरू. त्यातला १८ टक्के जीएसटी वजा केला तर हाती १५,२५४ रुपये येतात. लेप, पॅड, पेस्ट, मायक्रोफायबर यांना चार हजार, दोन कारागिरांच्या दोन दिवसांच्या मजुरीला चार हजार आणि भाडे, वीज, मशीनच्या कर्जाचा हप्ता यांचा दोन दिवसांचा वाटा पाच हजार, असे तेरा हजार गेले. उरले सव्वादोन हजार. ग्राहकाने ‘वीस टक्के तरी कमी करा’ म्हटले आणि दुकानदाराने मान डोलावली, तर करासह १४,४०० चे करवजा १२,२०३ होतात. खर्चही निघत नाही. भाडे कमी होणार नाही, हप्ताही थांबणार नाही. कमी होऊ शकतात ते फक्त तास. दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकले जाते, ओरखडे काढण्याऐवजी भरले जातात आणि त्यावर लेप चढतो. ऑनलाइन बाटलीचा भाव दाखवणाऱ्यालाही हेच सांगायला हवे. बाटलीचा वाटा थोडा आहे. ती उघडण्यापूर्वी जे दहा-बारा तास गाडीवर राबावे लागते, त्याचे पैसे आहेत. अकरलॉफ यांचा सिद्धान्त येथे असा अवतरतो की, सूट देणारा प्रामाणिक दुकानदार महिन्याभरात स्वतःच चौकातला ‘निम्म्यातला’ होऊन बसतो.

यावर व्यावसायिकांनी शोधलेला उपाय म्हणजे वॉरंटी. तीन वर्षे, पाच वर्षे, कोठे कोठे ‘लाइफटाइम’. या वॉरंटीला ग्राहक भुलत नाही, आणि ते योग्यच आहे. आठ महिन्यांपूर्वी उघडलेल्या दुकानाने दिलेल्या पाच वर्षांच्या शब्दाला किंमत किती? शिवाय ‘दर सहा महिन्यांनी आमच्याकडेच सशुल्क देखभाल’ ही अट बारीक अक्षरात असतेच. स्पेन्स यांच्या मांडणीनुसार, खोटे बोलणाऱ्याला जी खूण महाग पडते तीच विश्वासाची खूण ठरते. वॉरंटीचा कागद छापणे कोणालाही महाग पडत नाही.

महाग पडणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र ग्राहकासमोर प्रत्येक भागावर टेकवून आकडे लिहून देणे, ही एक. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून एका बाजूचेच काम आधी करून दाखवणे, ही दुसरी. पॉलिश झाल्यावर आणि लेप चढवण्यापूर्वी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून, प्रखर दिव्याखाली ग्राहकाला पाहायला बोलावणे, ही तिसरी. ओरखडे नुसते भरलेले असतील तर या पुसण्याने ते बरेचसे उघडे पडतात. म्हणून ज्याने भरले आहेत तो ही चाचणी करू धजत नाही. यातले काहीही करायला फारसा खर्च नाही, वेळ मात्र जातो. तरीही कित्येक दुकाने दर्शनी भागात निळे दिवे आणि परदेशी नावांच्या पाट्या लावण्यावर भर देतात आणि काम पडद्याआड करतात, याचे नवल वाटते.

कमी पैशांच्या ग्राहकाला सूट न देता कामच कमी करून देणे, हाही सचोटीचा मार्ग आहे. ‘साहेब, एवढ्यात पूर्ण गाडी होणार नाही, बॉनेट आणि दारे करू, छत राहू द्या’ असे सांगितले की भाव खाली येतो, दर्जा येत नाही. पुण्यातल्या दुकानांतील ‘एकच भाव’च्या पाट्यांची थट्टा पुष्कळ झाली. परंतु त्या पाटीमागे एक हिशेब असे: आज घासाघीस करून आलेला ग्राहक, शेजाऱ्याला आणखी स्वस्त मिळाल्याचे कळले की उद्या दुकानदाराला चोर म्हणतो.

बिलाचा मुद्दा मात्र दोन्ही बाजूंना अवघड जातो. ‘बिल नको, मग किती?’ हा प्रश्न ग्राहकच विचारतो आणि १८ टक्के वाचल्याच्या समाधानात घरी जातो. काम बिघडले तर दाद कशाच्या आधारे मागणार? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्कही लागत नाही. ज्या छोट्या दुकानाची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि ज्याची जीएसटी नोंदणी नाही, त्याने कर आकारायचा नसतो. पण म्हणून बिल देण्यातून त्याची सुटका होत नाही. त्या बिलावर ‘फुल डिटेलिंग’ एवढेच मोघम न लिहिता कोणत्या भागावर किती टप्प्यांचे काम केले, कोणता लेप चढवला आणि कोणते ओरखडे खोल असल्याने तसेच सोडले, हे लिहिलेले असावे. सोडलेल्या ओरखड्यांची नोंद करणारे दुकान विरळाच सापडेल. तसे सापडले, तर तेथे भाव थोडा जास्त असला तरी काम द्यायला हरकत नाही.

आणि सात-आठ वर्षांची गाडी सहा महिन्यांत विकायची असलेला मालक सिरॅमिकची चौकशी करीत आला, तर त्याला ते विकू नये. आतून स्वच्छता, बाहेरून नीट धुलाई आणि हलके पॉलिश त्याला पुरेसे आहे. दुकानदाराचे त्यात दहा-बारा हजार बुडतात. पण नवी गाडी घेतल्यावर तो मालक ती कोठे नेईल आणि तेव्हा ‘लास्ट किती?’ विचारील का, हे पाहायला फार दिवस लागत नाहीत.