नव्या पिपाचे कौतुक

दिल्ली-कलकत्त्याकडे नेमणुकीवर असलेल्या आमच्या महाराष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या बैठकींतून अलीकडे एक नवा पंथ वाढीस लागला आहे. या पंथाचे आराध्यदैवत फ्रान्स देशाच्या बर्गंडी प्रांतात असून त्याचे नाव मोंराशे. त्या नावात मध्ये एक आणि शेवटी एक असे दोन 'त' लिहिलेले असतात, पण उच्चारावयाचे नसतात. ते ज्यास सफाईने गिळता येतात त्यास दीक्षा मिळाली असे समजतात. पुढचा विधी सोपा आहे. दोन-तीन वर्षे वयाच्या, ओकच्या नव्या पिपात मुरविलेल्या त्या पांढऱ्या वाईनचा पेला नाकाशी न्यावयाचा, डोळे मिटावयाचे आणि म्हणावयाचे, "अप्रतिम! मात्र आणखी दहा वर्षे थांबावयास हवे." या एका वाक्याविरुद्ध आम्हांस आज लिहावयाचे आहे.

मद्य घ्यावे की घेऊ नये हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. घटनेचे ४७ वे कलम आणि १९६४ चे आचारनियम आमच्या वाचकांस आमच्याहून अधिक पाठ आहेत. जे घेत नाहीत ते सुखी. पण जे घेतात आणि घेतल्यावर मत देतात, त्यांचे मत तरी त्यांचे स्वतःचे असावे, एवढीच आमची मागणी आहे.

मोंराशे हे मुळात एका टेकडीच्या उतारावरील मळ्याचे नाव. मळा अवघा आठ हेक्टरांचा. तो प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या शिवेवर पसरला आहे, आणि १८७९ मध्ये या दोन्ही गावांनी मळ्याचे नाव आपल्या नावापुढे जोडून घेतले. गावाने मळ्याचे नाव लावावे यातच त्या नावाची किंमत दिसून येते. द्राक्ष शार्दोने जातीचे. साक्षात मोंराशे आमच्यासारख्यांच्या वाट्यास कोठून येणार? येते ती तिच्या भावकीतील एखादी, म्हणजे प्युलिन्यी-मोंराशे, मर्सो, फार तर कोर्तों-शार्लमान्य. वर्षानुवर्षे आपल्याकडे परदेशी वाईनवर शेकडा दीडशे जकात असे. त्यामुळे परदेशदौऱ्याहून परतणाऱ्या कोणा स्नेह्याने विमानतळावरील दुकानातून, माणशी दोन लिटरांच्या सवलतीत बसवून आणलेली बाटली हीच खरी गंगाजळी. अशी बाटली फुटली की बैठकीत जो गंभीरपणा पसरतो तो सत्यनारायणाच्या पूजेसही पसरत नाही.

आता त्या पेल्यात खरोखर काय असते ते पाहू. रंग फिकट, किंचित हिरवट छटेचा. नाकाशी नेताच प्रथम व्हॅनिला, मग भाजलेल्या पावाचा, लवंगेचा, कधी ओल्या नारळाचा वास; मागाहून लोण्याचा. पंथीय मंडळी या एकेका वासाचे नाव घेऊन मान डोलावतात. पण हे वास आले कोठून? ओकच्या (आमच्याकडील ओक आडनावाच्या मंडळींचा याच्याशी काही संबंध नाही) फळ्या दोन-तीन वर्षे उघड्यावर वाळवितात, त्यांचे पीप बांधताना आतून विस्तवावर भाजतात, आणि त्या भाजण्यातून व्हॅनिलिन सुटते. नारळाचा वास लाकडातील लॅक्टोनचा, लवंगेचा वास युजेनॉलचा. लोण्याचा वास डायॲसिटिलचा. द्राक्षातील तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करणारे जंतू तो मागे ठेवून जातात. म्हणजे ज्या गुणांसाठी त्या आठ हेक्टरांची आरती चालली आहे त्यांतील बहुतेक गुण सुताराच्या आणि जंतूंच्या खात्यावर जमा आहेत. टेकडीच्या खात्यावर काय? आम्लाची धार, अंगाचा घट्टपणा, आणि घोट गिळल्यावर चव तोंडात किती वेळ राहते ते. याविषयी बैठकीत कोणी अवाक्षर काढीत नाही.

उन्हाळ्यात नवा माठ घरी आला की पहिले चार दिवस पाण्यास मातीचा गोड वास येतो. आपण तो आवडीने पितो. पण म्हणून कोणी विहिरीची तारीफ करीत नाही. माठ नवा आहे एवढेच म्हणतो. हा साधा विवेक आपल्या आजीस होता.

पिपाशी आमचे वैर नाही, हे येथे सांगितले पाहिजे. बर्गंडीचे पीप २२८ लिटरांचे असते, आणि त्याचे खरे काम वास देण्याचे नसून, लाकडाच्या छिद्रांतून अत्यल्प हवा आत घेत वाईनला सावकाश वळण लावण्याचे आहे. हे काम तीन-चार वेळा वापरलेले जुने पीपही उत्तम करते. वास मात्र त्यातून जवळजवळ निघून गेलेला असतो. म्हणून शाब्लीतील काही थोर उत्पादक आपली उत्तमोत्तम वाईन जुन्या पिपातच ठेवतात, तर काही पोलादी टाकीतच ती पूर्ण करतात. आणखी एक मौज अशी की, रस पिपातच आंबविला तर किण्व स्वतःच बरेचसे व्हॅनिलिन पचवून टाकते; आंबवून झालेली वाईन मागाहून नव्या पिपात घातली तर लाकूड अधिक बोलते. कसबी माणसास हे सर्व ठाऊक असते. परंतु कोवळ्या वयात चाखून तत्काळ शेरे मारणाऱ्यांस जे ओरडून बोलते तेच ऐकू येते. तेव्हा ओरडणारी वाईन करण्याचा मोह कोणास सुटेल? हिशेबही पाहावा. नव्या फ्रेंच पिपास आज आठशे-हजार युरो पडतात, आणि त्यातून सुमारे तीनशे बाटल्या निघतात. म्हणजे बाटलीमागे लाकडाचा खर्च तीन युरोंच्या आसपास. ज्याची शेकडो युरोंची वाईन म्हणून पूजा होते त्यातील वास तीन युरोंचा. स्वस्तात हवा असेल तर तोही मिळतो: युरोपात २००६ पासून ओकचे तुकडे टाकीत टाकण्यास अनुमती आहे, जरी नामांकित प्रदेशांचे स्वतःचे नियम बहुधा त्यास मज्जाव करतात.

यावर पंथाचे उत्तर ठरलेले आहे. "दहा वर्षे थांबा. लाकूड विरघळेल, टेकडी प्रकट होईल." जुन्या काळी असे होत असे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हे वाक्य म्हणजे एक हुंडी आहे, आणि ही हुंडी न वटल्याचा पुरावा उपलब्ध आहे. १९९५ आणि १९९६ या सालांपासूनच्या कित्येक पांढऱ्या बर्गंडी वाईन लोकांनी श्रद्धेने तळघरात ठेवल्या, आणि नव्या शतकाच्या आरंभी उघडून पाहतात तो आत तपकिरी झाक आलेला, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास मारणारा निष्प्राण द्रव. एकाच पेटीतील एक बाटली ठणठणीत, शेजारची मेलेली. बुचांस दोष दिला गेला, गंधकाचे प्रमाण घटविल्यास दिला गेला, नव्या दाबयंत्रांस आणि पिपातील गाळ वारंवार ढवळण्यासही दिला गेला; एकच एक कारण असे ठरले नाही. काही नामांकित घराण्यांनी अखेर साधे बूच टाकून कणांचे घडविलेले बूच पत्करले. हे इतके जगजाहीर झाल्यावरही जो "दहा वर्षे थांबा" असे छातीठोकपणे सांगतो, तो कोणाच्या जोरावर सांगतो? नावाच्या.

नावाचा जोर काय असतो ते १९७६ च्या २४ मे रोजी पॅरिसमध्ये एकदा दिसून आले आहे. स्टीव्हन स्पुरियर नामक इंग्रज व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे नावे झाकून वाईन ठेवल्या. पांढऱ्यांत बर्गंडीच्या चार होत्या, त्यांत एक बातार-मोंराशे आणि एक प्युलिन्यी-मोंराशे. पहिला क्रमांक दिला गेला कॅलिफोर्नियाच्या १९७३ च्या शातो मोंतेलेना शार्दोनेस. तांबड्यांचा निकालही तसाच लागला, तेव्हा "आमच्या वाईन अजून कोवळ्या होत्या" अशी ओरड झाली. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच तांबड्या पुन्हा चाखण्यात आल्या, आणि पुन्हा कॅलिफोर्नियाच वर. थांबण्याचा युक्तिवाद तेथे तरी थांबावयास हरकत नव्हती.

दुसऱ्या बाजूने काही उपहासखोर मंडळी लगेच टाळ्या पिटतील, त्यांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांस पांढरी वाईन तांबडा रंग घालून दिली, आणि त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एकच वाईन दहा डॉलरची म्हणून आणि नव्वद डॉलरची म्हणून पाजली, तेव्हा महाग म्हणून दिलेली लोकांस अधिक आवडली. इतकेच नव्हे तर मेंदूतील सुखाची खूणही वाढली. यावरून ही मंडळी अनुमान काढतात की चव असे काही नसतेच, सारे थोतांड. हे आम्हांस मान्य नाही. डोळा जिभेस फसवितो, एवढेच यावरून सिद्ध होते. मग उपाय डोळा झाकण्याचा, जीभ कापण्याचा नव्हे.

आणि हा उपाय आमच्या वाचकांस शिकविण्याची गरज ती काय? निविदांची दोन लिफाफ्यांची पद्धत ज्यांच्या हाताखालून रोज जाते, आधी गुणवत्तेचा लिफाफा आणि मग किमतीचा, तेच गृहस्थ संध्याकाळी किमतीचा लिफाफा आधी फोडून मगच पेला नाकाशी नेतात. लोकसेवा आयोगाच्या उत्तरपत्रिकेवर नाव असते तर यांतील किती जण आज या खुर्च्यांवर असते, हेही त्यांनी मनाशी पाहावे.

ही बाब क्षुल्लक वाटेल. आम्हांस ती वाटत नाही. आमच्या परिचयाचा एक तरुण अधिकारी, नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याचा मुलगा, नुकताच राजधानीत रुजू झालेला. अशाच एका बैठकीत त्यास विचारले गेले तेव्हा तो सरळ म्हणाला, "साहेब, मला यात नव्या लाकडापलीकडे काही लागत नाही." त्याचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. परंतु वरिष्ठ हसले, मग सगळे हसले, आणि कोणी त्यास समजूतदारपणे सांगितले की, चव यावयास काळ जावा लागतो, अजून तू नवा आहेस. पुढच्या खेपेस तोच मुलगा पेला फिरवून "अप्रतिम" म्हणाला, आणि वर दहा वर्षांचे वाक्यही जोडले. सर्वांनी त्यास शाबासकी दिली. तो मद्य प्यावयास शिकला याचे आम्हांस दुःख नाही. जिभेवर जे आले ते खाली उतरवून वरिष्ठांच्या तोंडातले वाक्य वर काढावयास तो शिकला. आणि हे शिक्षण संध्याकाळच्या पेल्यापुरते राहत नाही, सकाळच्या फाईलवरच्या शेऱ्यापर्यंत येऊन पोहोचते, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहोत.

कोणी म्हणेल, यजमानाने प्रेमाने आणलेल्या बाटलीस नावे ठेवणे असभ्यपणाचे. नावे कोण ठेवण्यास सांगतो? देवगडहून आलेला हापूस अढीत हिरवा असताना कोणी कापून वाढला तर आपण "काय गोडी!" असे म्हणत नाही आणि यजमानाचा अपमानही करीत नाही, अजून पिकला नाही म्हणतो, आणि पिकेल की सडेल हे अढीवर सोडतो. पेल्यापुढेही एवढेच म्हणता येईल: आम्ल चांगले आहे, चव लांबवर राहते, लाकूड फार आहे, पुढचे माहीत नाही. यात असभ्य काय आहे?

करून पाहावयाचे असेल त्याने पुढच्या बैठकीत बाटलीवर पंचा गुंडाळावा, शेजारी पोलादी टाकीतली एखादी साधी शाब्ली तशीच झाकून ठेवावी, आणि दोन्ही पेले फार गार न करता द्यावेत. बर्फात बुडविलेल्या वाईनमध्ये दोष आणि गुण दोन्ही लपतात. मते आधी कागदावर लिहून घ्यावीत, आणि लिहिताना हुद्द्याने कनिष्ठ असेल त्याची पाळी प्रथम असावी. मग पंचे सोडावेत. दोन्ही बाटल्यांतील निम्मी वाईन बूच लावून शीतकपाटात ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखावी. रात्रीतून व्हॅनिलाचा जोर पुष्कळदा थोडा ओसरतो, आणि टेकडी असलीच तर ती मग दिसू लागते.