बाटली आडवी, तिजोरी उभीच!

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले. देशी दारूही त्यातून सुटली नाही. वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल मिळेल, असे सरकारने सांगितले. हा पैसा कष्टकऱ्यांच्याच खिशातून येणार. पण तो जाणार कुठे, हे मतदाराला कुणी विचारले काय?

दारूविषयी मतदाराला विचारण्याची सोय महाराष्ट्रात आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की मतदान होते. उभी बाटली की आडवी? एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तरच दुकान बंद. कामासाठी सुरत-पुण्याला गेलेल्या मायमाऊलीचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्याच कामी येते. आमदाराला मात्र अशी कोणतीही अट नाही!

तरीही आडव्या बाटलीसाठी राबणाऱ्या आमच्या भगिनींना आम्ही मानाचा जयभीम करतो. परंतु ही अर्धीच लढाई आहे. दुकान बंद झाले काय नि चालू राहिले काय, त्या महसुलातला ठरावीक हिस्सा गावच्या दवाखान्याला मिळेल असा नियम नाही.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९८८ साली मतदारांनी थेट मतदानाने सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंट कर बसवला. त्यातून आरोग्यावर खर्च व्हावा, हेही त्याच मतदानाने ठरवले. २०१६ साली त्यांनी आणखी दोन डॉलर वाढवले आणि त्यातला मोठा वाटा गरिबांच्या उपचारांसाठी बांधून घेतला.

बाबासाहेबांनी हिशेबाची ही दृष्टी आपल्याला कधीच दिली होती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदी उठवून तो महसूल वाचवावा, असे म्हटले होते. त्यात दारूचे कौतुक नव्हते. विकासाला पैसा कोठून आणायचा, याचे ते उत्तर होते. आज सरकार महसूल घेते आणि उत्तर विसरते. संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य आणि दारूबंदी यांचा उल्लेख एकत्रच करते, हेही ते विसरते.

बुलडाणा जिल्ह्याकडे पाहा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात माणसे किडनीच्या आजाराने खंगतात. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा येथे लोकांना टक्कल पडू लागले, तेव्हा कुठे पथके धावली. २०२४ साली या जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाले. इकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे चालवणारी जिल्हा परिषद २०२२ सालीच मुदत संपून प्रशासकाच्या हाती गेली होती. मत घेणारे दिल्लीत आणि मत मागण्याची जागाच कुलूपबंद!

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्याला द्यावा, असे सांगितले होते. त्यासाठी २०२० ची मुदत होती. महाराष्ट्राने ती पाळली नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, तिथूनच सुरुवात करा. तालुक्यातून गोळा होणाऱ्या मद्य महसुलाचा निश्चित हिस्सा त्याच तालुक्यातील आरोग्य केंद्र, शुद्ध पाणी आणि व्यसनमुक्तीवर खर्च झाला पाहिजे, असे ठराव गावोगावी घ्या आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे ते ठेवा. बाटली आडवी करणाऱ्या हातांनीच आता तिजोरीची किल्ली मागितली पाहिजे.