‘मार की बे फॉरमॅट!’

मी काहीच करत नसताना माझा लॅपटॉप मात्र जाम काम करतो. अक्कलकोटला घरी रात्री सगळं शांत झालं, की आतून ‘खर्रर्र, खर्रर्र’ सुरू. साधी वर्डची फाइल उघडायला दोन मिनिटं. मित्रांचा सल्ला एकच : ‘‘व्हायरस आहे, मार की बे फॉरमॅट!’’ दुकानदाराचंही तेच. सातशे रुपये द्या, संध्याकाळी घेऊन जा.

देऊन टाकणारच होतो. पण त्या हार्ड डिस्कवर आज्जीचं रेकॉर्डिंग आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिला बोलतं केलं होतं. अर्धं मराठी, अर्धं कन्नड. आज्जी आता नाही. रेकॉर्डिंग आधी पेनड्राइव्हवर घेतलं आणि म्हटलं, आत कोण खरडतंय ते तरी बघू.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. डिस्क १०० टक्के! घाबरलोच. पण १०० टक्के म्हणजे डिस्क सतत गुंतलेली, एवढंच. माझी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या तर ती लवकर दमते. रिसोर्स मॉनिटरच्या ‘डिस्क’ टॅबमध्ये तर कोण कुठली फाइल वाचतंय तेही दिसतं. तिथं ‘चोर’ सापडले. कॉलेजच्या तीन वर्षांच्या फाइली मी नुकत्याच टाकल्या होत्या. सर्च इंडेक्सर त्यांची नोंद करत होता, डिफेंडर त्याच तपासत होता. व्हायरस नव्हता, घरचीच मंडळी होती.

आणि हे काम मुद्दाम आपण थांबलो की सुरू होतं. म्हणूनच मी चहाला उठलो की आवाज वाढायचा. विंडोजच्या देखभालीची ठरलेली वेळ तर रात्री दोनची. आता सांगा, आपल्यातलं कोण रात्री दोनला लॅपटॉप चालू ठेवतं? झाकण लावून झोपतो आपण. मग साचलेलं काम नेमकं सबमिशनच्या दिवशी अंगावर येतं.

माझा राग कामावर नाही, मुकाट्यानं करण्यावर आहे. ‘तुमच्या फाइलींची यादी करतोय, थोडा वेळ लागेल’ एवढी एक ओळ स्क्रीनवर आली असती, तर मी दुकानाची पायरी चढलो नसतो. आणि थोडा राग आपल्या शिकण्यावरही. कॉम्प्युटरच्या कोर्समध्ये मार्जिन शिकलो, स्लाइडला फुलं लावायला शिकलो. टास्क मॅनेजर कुणी उघडून दाखवला नाही.

रील्सवाले सांगतात, सगळ्या सर्व्हिस बंद करून टाका. मला नाही पटत. डिफेंडर बंद करणं म्हणजे उंदीर नको म्हणून मांजर हाकलणं. सिसमेन बंद करून फरक पडतो का, ते फार तर बघा. खरा उपाय एसएसडी; तिच्यात फिरणारं काही नसतंच. मात्र आवाज खरडल्यासारखा नसून ‘टक्, टक्’ असा येत असेल, तर डिस्क जाण्याची शक्यता आहे. तेव्हा बाकी सगळं सोडून आधी फाइली दुसरीकडे घ्या.

मी काय केलं? शनिवारी चार्जर लावला, स्लीप ‘नेव्हर’ केलं, झाकण उघडं ठेवून झोपलो. रविवारी सकाळी खोलीत फक्त पंख्याचा आवाज. वर्डची फाइल अजूनही अर्धा मिनिट घेते म्हणा. सेकंडहँड आहे बिचारा.