विश्लेषण : जुन्या मालिका मोबाइलवर आल्या, पण भिवंडीकरांनी एकत्र बसायचे कुठे?

प्रसार भारतीने 20 नोव्हेंबर 2024 रोजी गोव्यातील इफ्फी महोत्सवात ‘वेव्हज’ हे ओटीटी ॲप सुरू केले. ‘हम लोग’, ‘रामायण’, ‘महाभारत’, ‘शक्तिमान’ अशा दूरदर्शनच्या जुन्या ठेव्याचे दार त्यामुळे मोबाइलवर उघडले. चाळिशी-पन्नाशीतल्या अनेकांनी ॲप उत्साहाने उतरवून घेतले आणि दोन-तीन भागांनंतर बंदही केले. मालिका तीच, कलाकार तेच, मग पूर्वीची गोडी का लागत नाही? कारण आपल्याला जे आठवते ते केवळ पडद्यावर नव्हते. ते पडद्यासमोरच्या सतरंजीवर होते. भिवंडीसारख्या शहरात ही गोष्ट फार ठळकपणे दिसते.

टीव्ही पाहणे म्हणजे ‘बाहेर जाणे’ कसे?

दूरदर्शनचे मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. भिवंडीत अँटेना दिसू लागले तेव्हा ते मोजक्या घरांवरच होते. ज्याच्या कौलावर अँटेना, त्याच्या ओटीवर अख्ख्या आळीच्या चपला. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’, ‘गजरा’, ‘छायागीत’, शनिवारचा मराठी चित्रपट, रविवारचा हिंदी चित्रपट हे सारे बहुतेकांनी दुसऱ्याच्या घरी पाहिले.

म्हणजे टीव्ही पाहायला घरातून निघावे लागे. त्यासाठी तिकीट नव्हते. मुलींना वेगळी परवानगी लागत नव्हती, कारण ‘काकूंकडे टीव्ही बघायला जाते’ एवढे पुरे होते. म्हाताऱ्यांना भिंतीला टेकायला जागा मिळे, लहानांना पुढची रांग. आज ज्याला आपण ‘आउटिंग’ म्हणतो, त्याचा हा फुकटातला आणि हाकेच्या अंतरावरचा प्रकार होता.

ही आठवण सगळ्यांची सारखी आहे का?

नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय स्मरणरंजनाला अर्थ नाही. 25 जानेवारी 1987 पासून ‘रामायण’ रविवारी सकाळी साडेनऊला लागे. रविवारी रस्ते ओस पडत, ही आठवण कचेरीत जाणाऱ्यांची. भिवंडीच्या यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी. रविवारी सकाळी माग चालू आणि दिवसपाळीचा कामगार बारा तासांसाठी मागावर उभा. त्याच्या वाट्याला त्या वेळी खटखटच आली.

शिवाय ज्याच्या घरी टीव्ही, त्याची मर्जी सांभाळावी लागे. कोणाला खुर्ची, कोणाला जमीन आणि कोणाला खिडकीबाहेरून पाहावे लागे, यात त्या काळची उतरंड स्पष्ट दिसायची. ‘तेव्हा सगळे एक होते’ असे म्हणताना खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मुलाला विसरू नये.

तरीही एक गोष्ट खरी. 15 ऑगस्ट 1982 पासून देशभर एकाच वेळी राष्ट्रीय कार्यक्रम दिसू लागले. पर्याय नसल्याने भिवंडीतला कोकणी मुसलमान, आसपासच्या गावांतला आगरी, पद्मानगरचा तेलुगू विणकर आणि पुढे उत्तर प्रदेशातून आलेला कामगार यांच्या लहानपणात निदान टीव्हीपुरता एक समान धागा राहिला. ‘महाभारत’चे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले होते, हे तर सर्वश्रुत आहे.

मग ओटी रिकामी कधी झाली?

याचे उत्तर सोपे आहे. टीव्ही स्वस्त झाला आणि वाहिन्या वाढल्या. 1991 मध्ये स्टार आणि ऑक्टोबर 1992 मध्ये झी टीव्ही आला. 1999 मध्ये अल्फा मराठी सुरू झाली. केबलची तार घरोघरी गेली, तसे शेजाऱ्याकडे जाण्याचे निमित्त संपले. पुढे मोबाइलने घरातल्या चौघांनाही चार कोपऱ्यांत बसवले.

यात वाईट काही नाही. आपल्या आवडीचे आपल्या वेळेला पाहता येणे ही सोय आहे, रात्रपाळी करणाऱ्यासाठी तर मोठीच. पण जुनी जागा गेली, तेव्हा तिच्याऐवजी दुसरी जागा उभी राहायला हवी होती. ती राहिली नाही.

आता भिवंडीकर बाहेर जातात कुठे?

ज्याच्याकडे गाडी आहे तो मुंबई-नाशिक महामार्गावरच्या ढाब्यावर जातो. तरुण मंडळी ठाण्यातल्या मॉलकडे वळतात. पण अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी या वाटेवरच्या कोंडीत निम्मी संध्याकाळ जाते. देवदर्शन आणि सहल एकत्र साधायची तर तालुक्यातच वज्रेश्वरी-गणेशपुरी आहे, पण ती रोज संध्याकाळची जागा नव्हे.

या प्रत्येक ठिकाणी जायला गाडी, पैसे किंवा अख्खा दिवस लागतो. मॉलमध्ये फिरणे फुकट असले, तरी चौघांचे कुटुंब काही न खाता-पिता परत येत नाही. ढाब्यावर रात्री मित्रांची टोळी बसते, आई आणि आजी क्वचितच. जी मुलगी एकेकाळी शेजारच्या काकूंकडे बिनधास्त जात होती, तिच्या मुलीला आज घराबाहेर बसायला जागाच नाही. घरातल्या मोबाइलवर मात्र सगळे जग आहे. मग मुले मोबाइल सोडत नाहीत, याबद्दल त्यांनाच कशाला बोलायचे?

डिसेंबर 2018 मध्ये भूमिपूजन झालेल्या ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोमुळे ठाणे जवळ येईल, ही चांगली गोष्ट. पण मेट्रो माणसाला शहराबाहेर नेईल. शहरात बसायला बाक देणार नाही.

एवढ्याशा गोष्टीला इतके महत्त्व का?

भिवंडीने 1970 आणि 1984 च्या दंगली भोगल्या आहेत. त्यानंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वेगवेगळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांना नियमित एकत्र बसवायचे, बोलते करायचे, एवढाच त्यामागचा साधा विचार. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. टीव्हीमुळे शांतता आली, असे कोणी म्हणणार नाही. पण एकत्र बसण्याची किंमत काय असते, हे या शहराने स्वतः अनुभवले आहे. 2011 च्या जनगणनेतच सात लाखांवर गेलेल्या शहरात लोक एकमेकांना फक्त वाहतूक कोंडीत भेटत असतील, तर ही काळजीची गोष्ट आहे.

मग करता काय येईल?

‘रस्ते आणि पाणी नीट मिळत नाही, तिथे बाकडी कसली मागता?’ हा आक्षेप रास्त आहे. पण येथे नवा प्रकल्प मागायचा नाही. वऱ्हाळादेवी तलावाचा काठ आहे, उद्याने आहेत, महापालिका शाळांची मैदाने आहेत. तिथे दिवे, स्वच्छ स्वच्छतागृह, बसायला कठडे आणि बायकांना निर्धास्त वाटेल असा पहारा, एवढे तरी व्हावे.

दुसरे म्हणजे, या जागा शहराच्या घड्याळाप्रमाणे उघडाव्यात. कामगाराची सुट्टी शुक्रवारी असेल, तर शाळेचे मैदान निदान शुक्रवारी संध्याकाळी उघडे हवे. महिन्यातून एकदा तिथे पडदा लावून जुनी मालिका किंवा मुलांचा चित्रपट दाखवायला फार खर्च येत नाही. यंत्रमाग मालकांच्या संघटना आणि गणेश मंडळांना हे सहज जमेल. भिवंडीत मोठ्या मंडपाची सवय नसलेले मंडळ सापडणे कठीण.

जुन्या मालिका परत आल्या, हे छानच झाले. पण मालिकेबरोबर सतरंजीही परत यायला हवी. या वेळी ती कोणाच्या मर्जीच्या ओटीवर नको, सगळ्यांच्या मैदानावर अंथरलेली असावी. म्हणजे खिडकीबाहेर कोणालाच उभे राहावे लागणार नाही.