एक कार्ड, अनेक पत्ते

पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालचे. त्याच वर्षी १ जानेवारीला अमेरिकेतील अर्पानेट या संगणक-जाळ्याने टीसीपी/आयपी ही संगणक एकमेकांशी जोडण्याची पद्धत स्वीकारली. तिच्यातील जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले.

या पत्त्यांबाबत एक समज मात्र टिकून आहे: एका नेटवर्क कार्डाला एकच पत्ता असतो. तो सोडायला हवा.

युनिक्स आणि तिच्या वळणाच्या फ्रीबीएसडी, लिनक्स या प्रणालींमध्ये पत्ता यंत्राच्या जोडणीला (इंटरफेसला) दिला जातो आणि एका जोडणीवर कितीतरी पत्ते देता येतात. यवतमाळ किंवा वणीतल्या एखाद्या पतसंस्थेला पत्त्यांची रचना बदलायची आहे, असे समजा. सर्व्हरवर जुना पत्ता ठेवून शेजारी नवा जोडला, की काउंटरवरचे संगणक सवडीने एकेक करून वळवता येतात. कामकाज एक दिवसही बंद ठेवावे लागत नाही. फ्रीबीएसडीत हे काम ‘इफकॉन्फिग’ करते, आजच्या लिनक्समध्ये ‘आयपी’ ही आज्ञा. मात्र असा हाताने दिलेला पत्ता यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो. तो सेटिंगच्या फाइलमध्ये नोंदवावाच लागतो. आणि पत्ते वाढले म्हणून वेग वाढत नाही. कार्ड बिघडले, तर सगळेच पत्ते एकदम गप्प होतात.

आयपीव्ही४नंतरच्या आयपीव्ही६मध्ये तर एका जोडणीवर अनेक पत्ते असणे हीच रीत आहे. म्हणून पुसदसह यवतमाळ जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हा धडा फळ्यावर न संपवता प्रत्येक विद्यार्थ्याकडून प्रयोगशाळेत करून घ्यावा. त्यासाठी जुना संगणक आणि फुकट मिळणारे लिनक्स पुरते.