जरा मैत्रिणीकडे जाऊन येते...

मैत्रिणींनो, एक साधाच प्रश्न विचारते. मैत्रिणीच्या घरी मुक्कामाला तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात? तिच्या मुलाच्या लग्नाला नाही, कुणाच्या तेराव्याला नाही, त्या गावात डॉक्टरची अपॉइंटमेंट होती म्हणूनही नाही. नुसतं तिला भेटायला, दोन दिवस तिच्याकडे राहायला. आठवत बसावं लागतंय ना?

घरातल्या पुरुषांचं बघा. ‘मित्राकडे चाललो’ एवढ्या दोन शब्दांत त्यांचं काम भागतं. आपल्याला मात्र निमित्त लागतं. देवदर्शन, हळदीकुंकू, नणंदेचं ऑपरेशन! मैत्रीण हे कारण आपल्याकडे कारणांत धरतच नाहीत. आणि मग फ्रीजमध्ये तीन दिवसांची कणीक, भाज्यांचे डबे, कामवाल्या बाईला सूचना, सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी... हे सगळं उरकेपर्यंत जायचा उत्साहच संपून जातो.

त्यात आपल्या मैत्रिणी सापडणं हेच मुळी कठीण. लग्नात आडनाव बदललं, कित्येकींचं तर पाळण्यातलं नावही बदललं. वर्गातल्या मुलांना शोधायचं तर तेच नाव, तेच आडनाव, बहुतेक तोच वाडा. मुली मात्र हरवल्यासारख्या गेल्या. आमचा कॉलेजचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपमुळे जमला, तेव्हा निम्म्या जणी फोटो बघून ओळखाव्या लागल्या. अजूनही माझ्या मोबाईलमध्ये त्या ‘वर्ध्याची’, ‘यवतमाळची’, ‘अमरावतीची’ अशाच सेव्ह आहेत. इथंही तशीच लिहिते, म्हणजे कुणाच्या घरी भांडणं नकोत!

मध्यंतरी माझ्या भाचीनं इंग्लंडहून एक व्हिडिओ पाठवला. वेल्समधला. ब्रिटनच्या पश्चिमेचा हा डोंगराळ भाग, सगळीकडे हिरवंगार आणि मेंढ्याच मेंढ्या. तिच्या शेजारच्या साठीच्या बाई नवऱ्यासोबत मोटरहोम घेऊन तिकडे फिरतात आणि वाटेत गावोगावच्या मैत्रिणींना भेटत जातात. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घरच. आत पलंग, शेगडी, सिंक आणि महत्त्वाचं म्हणजे संडास! आमच्या ग्रुपवर त्या व्हिडिओखाली पहिली प्रतिक्रिया याच गोष्टीवर आली. डोंगर कुणी बघितलेच नाहीत.

आपल्या राज्य सरकारनंही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. चांगलंच आहे. पण त्या गाड्या आपल्या आर्वी-पुलगावच्या बाईला परवडेपर्यंत आपण थांबायचं का? आणि खरं सांगू का, चाकांवरचं घर आपल्या विदर्भाला नवीन नाही. आपल्या आज्या बैलगाडीतून जत्रेला जायच्या. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेक म्हणा, नाहीतर जवळच्या एखाद्या देवीची यात्रा. गाडीवर ताडपत्री, खाली कडबा, वर सतरंजी. पीठमीठ, भांडी, गोवऱ्या सगळं सोबत. झाडाखाली गाडी सोडली की तीन दगडांची चूल, गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे आणि वांग्याची भाजी. रात्री गाडीतच आडवं व्हायचं. माझी आजी सांगायची, जत्रेत माहेरगावच्या मैत्रिणी भेटायच्या आणि रात्रभर बोलणं चालायचं. देव पाच मिनिटांत पाहून व्हायचा! म्हणजे ‘जत्रा’ हे घरी सांगायचं कारण, खरं काम वेगळंच.

तर गेल्या नोव्हेंबरात आम्ही नागपूरच्या चौघी निघालो. भाड्यानं टेंपो ट्रॅव्हलर घेतली, ओळखीचे ड्रायव्हर काका घेतले. चार दिवस ठरले : वर्धा, यवतमाळ, अमरावती, चिखलदरा. जिथं मैत्रीण तिथं मुक्काम, आणि जमेल ती पुढं गाडीत बसणार. शेवटचा चिखलदऱ्याचा मुक्काम तेवढा हॉटेलात. चहा-नाश्त्यासकट प्रत्येकीला पाच हजारांच्या आत पडलं.

पहिला थांबा पवनार. धाम नदीकाठच्या विनोबांच्या आश्रमात आपल्यापैकी बऱ्याच जणी शाळेच्या सहलीत जाऊन आल्या असतील. तेव्हा लक्षात आलं नव्हतं ते या खेपेला आलं. विनोबांनी 1959 मध्ये इथं ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं ते बायकांसाठी. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या बायका इथं एकत्र राहिल्या, शेती केली, झाडलोट-स्वयंपाक वाटून घेतला, निर्णय सगळ्यांच्या मतानं घेतले. मला अध्यात्मातलं फार कळत नाही. पण नातेवाईक नसलेल्या बायका एकमेकींच्या सोबतीनं आयुष्य काढू शकतात, हे आपल्या शेजारी, नागपूरहून दोन तासांच्या आत घडलं आणि आपण ते फक्त सहलीत पाहिलं! वर्ध्याची आमच्यासाठी गोरसपाक घेऊन रस्त्यावरच उभी होती. ती चढली ती थेट शेवटच्या दिवशीच उतरली.

वाटेत एका चहाच्या टपरीवर आजोबांनी विचारलंच, ‘‘काऊन वो बायांनो, सोबत मानूस कोनी नाही?’’ वर्ध्याची म्हणाली, ‘‘आम्ही काय दगडं आहोत का काकाजी?’’ ते बिचारे हसले आणि चहात आलं जास्त घातलं.

यवतमाळबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं. आमच्या यवतमाळच्या मैत्रिणीच्या मिस्टरांना सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून ती घराबाहेर पडली ती औषधं आणि भाजी आणण्यापुरती. मुलगा पुण्याला, पैसे पाठवतो, फोन करतो. ग्रुपवर ती कधी काही लिहीत नसे, फक्त सगळ्यांच्या फोटोंना हात जोडलेलं चित्र पाठवायची. आम्ही येतो म्हटल्यावर तिनं आधी ‘नको’च म्हटलं. घर आवरलेलं नसतं, त्यांचं सगळं जागेवर असतं, तुम्हाला कसंतरी वाटेल, अशी शंभर कारणं. आम्ही सांगितलं, झोपायची सोय नसली तर गाडीत झोपू.

गेलो. स्वयंपाकघर आम्ही ताब्यात घेतलं. संध्याकाळी आमच्यातल्या दोघी, त्यातली एक निवृत्त नर्स, मिस्टरांजवळ बसल्या आणि बाकीच्यांनी तिला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. कुठं जायचं विचारलं तर तिला सुचेचना. शेवटी म्हणाली, ‘‘नुसतं फिरवा.’’ दीड तास आम्ही गावात गोल गोल फिरलो. तिनं खिडकीची काच खाली केली होती. एका दुकानासमोर म्हणाली, अगं, इथं थिएटर होतं ना? मग भेळ खाल्ली. घरी आलो तेव्हा मिस्टर वर्ध्याचीनं लावून दिलेली जुनी गाणी ऐकत होते. त्यांनाही सहा वर्षं घरात तेच एक माणूस दिसत होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की मैत्रिणींच्या भेटीगाठींना चैन म्हणणं आता बंद करायला हवं. जी बाहेर पडू शकते तिनं पर्यटन कंपन्यांच्या महिला स्पेशल सहलींना खुशाल जावं, मीही गेले आहे, मजा येते. पण जिला उंबरठा ओलांडताच येत नाही तिच्यासाठी कोणती कंपनी सहल काढणार? तिच्या दाराशी गाडी नेणं हे मैत्रिणींनाच जमतं. आणि प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत अशी एक तरी बाई आहे. कुणाच्या घरी अंथरुणावरची सासू, कुणाचं मतिमंद मूल, कुणाचा दारूडा नवरा.

गाडी भाड्यानं घ्यायलाच हवी असंही नाही. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला सरसकट अर्धं तिकीट आहे, साध्या बसपासून एसी बसपर्यंत. ‘बायकांचं फिरणं वाढलं’ म्हणून त्यावर पुष्कळ विनोद झाले. वाढू द्या की! अर्ध्या तिकिटावर माहेर आणि देवस्थानं करतोच आपण, त्यात एक खेप मैत्रिणीची घाला. रस्तेही सुधारले. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण झाला, नागपूर ते मुंबईची वाट 701 किलोमीटरची झाली. अडतं ते संडासापाशी. आमच्या चार दिवसांत एका पंपावर कुलूप, किल्ली मालकाकडे, मालक गावाला! एका ठिकाणी दार होतं, कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं ओढून धरायचं. म्हणून प्रवासात पाणी न पिता बसणाऱ्या बायका आपल्यात किती आहेत! वेल्सच्या गाडीतला संडास आमच्या डोळ्यांत भरला तो काही उगाच नाही. निवडणुकीत मतं मागायला दारात येतील तेव्हा हळदीकुंकवाच्या वाणाऐवजी बसस्थानकावरच्या स्वच्छ संडासाचं विचारा.

अमरावतीच्या मैत्रिणीच्या सासूबाई मात्र निघताना कुरकुरल्या, ‘‘आमच्या काळी बाया अशा हिंडत नव्हत्या.’’ अंबादेवीचं देऊळ त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. याच देवळातून रुक्मिणी कृष्णाच्या रथात बसून गेली, असं सगळं अमरावती सांगतं. आम्ही ते बोललो नाही, नमस्कार करून निघालो. पण गाडीत बसल्यावर अमरावतीचीच म्हणाली आणि परतवाड्यापर्यंत हसणं चाललं.

चिखलदऱ्याला थंडी होती. देवी पॉइंट, गाविलगड, रबडी, तिथलीच कॉफी. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, जास्त लिहीत नाही. तिथं रात्री यवतमाळचीचा फोन आला, पुढच्या वेळी कधी? तिच्या मुलाशी बोलणं झालंय, चार दिवस तो रजा घेऊन येणार आहे.

पुढची खेप चंद्रपूरची ठरते आहे. चंद्रपूरचीनं विचारलं, जेवायला काय करू? आम्ही कळवलं, काही करू नकोस, रोडग्याचं पीठ नागपूरहून येतंय, तू फक्त गोवऱ्या मिळव. आणि चहा तुझ्या मिस्टरांकडे, त्यांना आत्तापासून सवय कर.